अकरा गाण्यांचा खून

१

अकरा गाणी एकाच वेळी मेली, आणि मरताना एकानेही साधं 'आई गं' केलं नाही.

बुधवारी दुपारी साडेचारला ताईने मामाच्या दुकानातल्या खणातून आपली कॅसेट काढली, कन्सोलमध्ये खटकन बसवली आणि बटण सरकवलं. पडद्यावर जिथे अकरा नावं दिसायची तिथे अकरा रिकाम्या रेघा दिसल्या. तिने कॅसेट काढली, फुंकर मारली, परत बसवली. परत रेघाच.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर 'गाणी मेली म्हणजे काय, गाणी काय कोंबड्या आहेत?' असं कोणीतरी विचारेल.

मामाचं दुकान म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं इस्पितळ. तळहातावर मावणारे, पिवळट पडलेले, वीस-तीस वर्षांचे म्हातारे गेम, म्हणजे कन्सोल, तिथे येतात. मामा त्यांना उघडतो, अंधुक पडद्यामागे नवा दिवा बसवतो, आणि आवाजाची तार आतल्या चिपपासून थेट बाहेर आणतो. मग ते 'टीं-टूं-ढब' मोठ्या स्पीकरवर असं घुमतं की भिंतीवरचं घड्याळ थरथरतं. हे कशासाठी? तर जगात काही वेडी माणसं या गेमवर खेळत नाहीत, गाणी रचतात. त्या वेड्यांत पहिला नंबर ताईचा. दुसरा तिच्या जोडीदाराचा, म्हणजे बेडकाचा. वाजवताना तो जागच्या जागी उड्या मारतो, म्हणून बेडूक. त्याच्या आईशिवाय त्याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

ताईच्या कन्सोलवर सूर, बेडकाच्या कन्सोलवर ठेका आणि खर्ज. तिचे भाग तिच्या कॅसेटमध्ये, त्याचे त्याच्या. आठ महिने खपून दोघांनी अकरा गाणी केली होती आणि शनिवारी ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजणार होती. तोवर कोणी मोबाईलवर रेकॉर्ड करायचं नाही, असा ताईचा कडक नियम. "स्टेजच्या आधी गाणं घराबाहेर गेलं की शिळं होतं," म्हणायची. म्हणजे गाणी होती ती त्या कॅसेटमध्येच.

"कोणी हात लावला माझ्या कॅसेटला?" ताईचा आवाज इतका शांत होता की मामाच्या हातातला स्क्रू खाली पडला.

बेडूक कानापर्यंत लाल झाला. "मी काल फक्त... म्हणजे तू गेल्यावर मी जरा काढली होती, पण..."

"काढली होतीस? खण उघडून? मला न विचारता?"

"अगं ऐक तरी!"

"चोर!" ताई ओरडली. "परवाच भांडलास ना माझ्याशी? घे, जिंकलास! शनिवारी यायचं नाही. परत या दारातसुद्धा यायचं नाही!"

बेडकाने आपला कन्सोल छातीशी धरला आणि एकही उडी न मारता निघून गेला.

मामा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण त्याने ते मिटलं.

आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून टाचणी उठली.

टाचणी म्हणजे ताईची धाकटी बहीण. इयत्ता नववी, अंगाने काडी, जिभेने टोचरी. महिन्यापूर्वी मामाने तिच्या हातात पहिल्यांदा तारांना डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न दिलं, तेव्हापासून ती जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होती. गेल्या रविवारी तर तिने पहिलं काम एकटीने केलं होतं: मामाच्या टेबलावरच्या रोजच्या वापरातल्या कन्सोलला पांढराशुभ्र दिवा! मामाने "सगळं तपासलंस ना?" विचारलं, तिने "हो हो!" म्हटलं, आणि ताईला दाखवायला ती धावत सुटली होती.

"ताई," टाचणी म्हणाली, "खुनी मी शोधून देते. शनिवारच्या आत."

"शोध," ताई डोळे पुसत म्हणाली. "पण तो आत्ताच दारातून बाहेर गेला."

२

गुरुवारी मधल्या सुट्टीत टाचणीने बेडकाला शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर गाठलं. ताई आणि तो अकरावीत, एकाच वर्गात. आज दोघं वर्गाच्या दोन टोकांना बसले होते म्हणे.

"आलीस चौकशीला? हात बांधून नेणार का?"

"आधी सांग, कॅसेट का काढलीस?"

"तुझी ताई कॉपी करून ठेवत नाही म्हणून! शंभरदा सांगितलं, सोमवारी त्यावरूनच भांडण झालं. आतला सेल कधीही दगा देईल. म्हटलं, आपणच गुपचूप कॉपी करू. घड्याळामागच्या खिळ्यावरची किल्ली घेतली. ती तिथे असते हे माहीत नाही असा माणूस सापडेल का त्या दुकानात?"

"मग केलीस कॉपी?"

"कसली करतोय! कॉपीच्या यंत्राची तारच घरी राहिली. पाच मिनिटांत परत ठेवली. हात लावला, हे कबूल. पुसलं काहीच नाही." त्याने बुटाच्या टोकाने एक खडा उडवला. "पण मला वाईट याचं वाटतंय की तार आणली असती तर आज गाणी असती. त्या अर्थाने ती म्हणते ते खरंच आहे. माझ्यामुळेच गेली."

टाचणीला वाटलं, चोर इतका वेड्यासारखा स्वतःला दोष देत नाही. पण वाटण्यावर खटला चालत नसतो. पुरावा पाहिजे.

तो तिला घरी मिळाला, ताईच्या उशाशी. ताई पालथी पडली होती, कन्सोल बाजूला सुरूच होता.

"ताई, तुझा पडदा काळ्यावर पांढरा असायचा ना? अक्षरं पांढरी?"

"हो. डोळ्यांना बरं पडतं म्हणून मी तसं लावून ठेवलं होतं."

"आता पांढऱ्यावर काळं आहे."

ताई उठून बसली.

"बोटांनी गाणी पुसली तर बाकीचं लावलेलं तसंच राहतं. बरोबर?"

"बरोबर," ताई हळू म्हणाली. "पडद्याचा रंग, बटणांचा वेग, ते राहायला हवं."

"मग कोणी गाणी पुसलीच नाहीत! कॅसेटच्या मेंदूची वीज गेली आणि ती सगळंच विसरली. बेडकाला तुझा पडदा उलटा करायचं काय पडलंय?"

"मग वीज कोणी घालवली?"

टाचणीने खांदे उडवले.

३

दुसरा संशयित म्हणजे कपाटराव.

हे गृहस्थ जुने गेम जमवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. वाजवत नाहीत, खेळत नाहीत, नुसते बघतात. टाचणीने दिलेलं हे नाव त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. ताईच्या कॅसेटवर त्यांचा कधीचा डोळा. तसं करडं खोकं आता मिळत नाही म्हणे.

ते दोन गल्ल्या सोडून राहतात. दार उघडताच त्यांनी टाचणीचे हात बघितले. "धुतलेत ना?"

"काका, तुम्ही बुधवारी सकाळी दुकानात होतात?"

"होतो की. नवीन आणलेली कॅसेट चालते का ते बघायला. तुझ्या मामाच्या टेबलावरच्या त्या उघड्यावाघड्या कन्सोलवर बघितली." त्यांनी चेहरा आंबट केला. "काय अवस्था केली आहे त्याची! मागची बाजू कापलेली, स्पीकर काढलेला, वायर लोंबतायत. माझं काम झाल्यावर मीच कन्सोलचं बटण बंद केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि कापडाने पुसून ठेवला. माणसाने वस्तूला वस्तूसारखं वागवावं!"

"आणि ताईची कॅसेट? खण उघडलात?"

कपाटरावांचा चष्मा खाली घसरला. "तू कोणाला सांगणार नाहीस?"

टाचणीने नकारार्थी मान हलवली.

"उघडला. मामा आत चहा करत होता तेव्हा. हातात घेतली, वास घेतला आणि ठेवली."

"वास?"

"जुन्या प्लॅस्टिकचा वास येतो. छान असतो." ते शरमून जमिनीकडे बघत होते. "या वयात असं लपून... मला रात्रभर झोप नाही आली."

"पण उघडून तर बघितली नाहीत?"

"शिव शिव! स्क्रूला ओरखडा गेला की वस्तू मेली!"

टाचणी बाहेर पडली. ज्याला विचारावं तो कशाची ना कशाची कबुली देतोय, आणि गुन्हा मात्र कोणाचाच नाही! मग तिच्या डोक्यात आलं की कॅसेट आतून अजून आपणही पाहिली नाही.

४

दुकानात मामा नव्हता. कसलं तरी सामान आणायला गेला होता. टाचणीने भिंतीवरचा बारका स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घरून खिशात घालून आणलेली ताईची कॅसेट उघडली.

आत घड्याळात असतो तसा चपटा सेल होता. कन्सोल बंद असताना कॅसेटची आठवण हा सेल जपतो. कन्सोल चालू असला की तो स्वतःच कॅसेटला वीज देतो. आठ महिने राबलेला सेल मळकट दिसायला हवा. हा आरशासारखा लखलखत होता. मीटर लावला. वीज भरपूर, अगदी नव्यासारखी.

अगदी नवाच होता तो.

आणि त्याच्या दोन्ही पायांवरचं सोल्डर? छोटं, गोल, चकचकीत, दवाच्या थेंबासारखं. बेडूक तर आयर्न चमच्यासारखं धरतो. कपाटराव स्क्रूला हात लावत नाहीत. असा थेंब या गावात एकच माणूस सोडतो.

"सापडलं वाटतं," दारातून मामा म्हणाला.

त्याच्या हातात पिशवी होती. ती खाली ठेवायचंही त्याला भान नव्हतं.

"मामा, तू?"

"मीच." तो स्टुलावर बसला. "बुधवारी दुपारी, तुम्ही शाळेत असताना. शनिवार आला, सेल मध्येच संपला तर? म्हटलं, पोरीला न सांगता नवा घालून ठेवावा. तिला सांगितलं असतं तर हात लावू दिला असता का तिने?"

"पण सेल काढला की सगळं जातं! तूच शिकवलंस मला!"

"म्हणूनच कॅसेट टेबलावरच्या कन्सोलमध्ये घातली. मागची बाजू त्याचसाठी कापली आहे ना? कन्सोल पालथा घालायचा, भिंतीवरून चालू करायचा, आणि वरून सेल बदलायचा. कॅसेटची वीज एक क्षण तुटत नाही. आयुष्यात दोनशे वेळा केलंय मी हे."

"मग?"

"मग काय, नेमकं या वेळी बिघडलं." मामाने दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे परक्यासारखं बघितलं. "कॅसेट हलली असेल. हात थरथरला असेल माझा. कळलंसुद्धा नाही, टाचणे. नंतर गाणी आहेत का ते बघायची हिंमत झाली नाही. ताईचं ते गाण्यांचं प्रकरण मला येत नाही, चुकीचं बटण दाबलं तर, अशी भीती वाटली. आणि काल ती त्या मुलाला चोर म्हणाली तेव्हा..." त्याने पिशवीचा बंद पिळला. "तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. साठीचा माणूस, आणि एका मुलाला शिक्षा होऊ दिली."

"कन्सोल चालू होता, हे नक्की?"

"नक्की म्हणजे काय! पूर्वी पालथा घातला की खाली छोटा आरसा ठेवायचो, समोरचा लाल दिवा दिसावा म्हणून. पण आता आरसा कशाला? तू बसवलेला दिवा कसला झकास आहे! भिंतीवरचं बटण लावलं की उजेड कडेने टेबलभर पडतो. तो बघतच मी काम केलं."

टाचणीने वळून टेबलावरच्या कन्सोलकडे बघितलं.

५

मामा आत गेल्यावर ती टेबलापाशी आली. बुधवारपासून मामाने आयर्नला हात लावला नव्हता. कन्सोल तसाच पालथा पडला होता.

तिने भिंतीवरचं बटण लावलं. कन्सोलच्या कडेने पांढरा उजेड टेबलावर सांडला. छान, भरगच्च उजेड.

तिने कन्सोल उताणा केला.

पडदा दुधासारखा पांढरा होता, आणि रिकामा. एक अक्षर नाही. लाल दिवा विझलेला. कारण कन्सोलचं स्वतःचं बटण बंद होतं. या दुकानात त्या बटणाला कोणी बोट लावत नाही, ते कायम चालूच असतं, वीज भिंतीवरूनच लावायची आणि भिंतीवरूनच काढायची. पण बुधवारी सकाळी एक शिस्तीचा माणूस आला होता.

तिने बटण सरकवलं. लाल दिवा लागला, पडद्यावर चित्र आलं. बंद केलं. चित्र गेलं.

पांढरा दिवा जळतच राहिला.

आत बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितलं. दिव्याची तार बटणाच्या पुढे जोडायची असते, म्हणजे कन्सोल बंद झाला की दिवाही विझतो. तिने ती बटणाच्या मागे जोडली होती, जिथे भिंतीकडून वीज येते तिथेच, कारण तिथली जागा मोठी होती आणि सोल्डर पटकन बसलं. तिचं ते सोल्डर चिखलाच्या गोळ्यासारखं होतं. "सगळं तपासलंस ना?" "हो हो!" बटण बंद करून बघायला किती वेळ लागतो? एक सेकंद. तिने तो एक सेकंद वाचवला होता.

म्हणजे मामाचा हात थरथरला नव्हता. कन्सोल बंद होता, दिवा चालू होता, आणि दिव्यावर विसंबून मामाने अकरा गाण्यांची शेवटची वीज स्वतःच्या हाताने काढून घेतली होती.

खुनी सापडला होता. नववीत शिकत होता.

"टाचणे!" दारात ताई उभी होती, घरातल्याच कपड्यांत. "लागला का पत्ता?"

सांग, सांग, सांग, असं आत कोणीतरी ओरडत होतं.

"अजून नाही," टाचणी म्हणाली.

६

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली तर मामा गिऱ्हाइकांचे कन्सोल न उघडता डब्यांत भरत होता. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी.

"हे काय?"

"परत पाठवतोय. दुसरीकडे करून घ्या म्हणावं." त्याने आयर्नची वायर गुंडाळली. "हात गेले की कारागिराने उठावं. कोणाचं आणखी काही मारायच्या आत."

"मामा, नको ना."

"वाईट नको वाटून घेऊ. तू आहेस की. तुझा हात सरळ आहे."

ते शेवटचं वाक्य टाचणीला सोसवलं नाही. तिने भिंतीवरचं बटण लावलं, कन्सोल मामाच्या पुढ्यात धरला आणि त्याचं बटण बंद केलं.

दिवा जळत राहिला.

मामाने कन्सोल हातात घेतला. मग त्याने तारेवरून बोट फिरवत नेलं आणि चिखलाच्या गोळ्यापाशी थांबवलं.

"मी तपासलं नव्हतं," टाचणी म्हणाली. "तू विचारलंस आणि मी खोटं बोलले. तुझे हात चांगले आहेत, मामा. कालच कळलं होतं मला. काल तुला हात बघताना बघितलं आणि तरी गप्प बसले."

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आरसा मी काढला. तो माझा दोष. कोणाच्याही दिव्यावर असं विसंबायचं नसतं." मग डबे तसेच ठेवून त्याने चष्मा पुसला. "पण दोष वाटून घेतला म्हणून संपत नाही. तो मुलगा घरी बसला आहे."

ताईला सांगताना टाचणी एकही शब्द टोचरा बोलली नाही. ताई ऐकत गेली. एकदा तिने टाचणीचा दंड असा धरला की वळ उठले, मग सोडला.

"आठ महिने," ती म्हणाली.

"हो."

"तो म्हणत होता, कॉपी कर, कॉपी कर." ताईने चपला घातल्या. "चल. तू तुझं सांग, मी माझं सांगते. चोर मी म्हणाले त्याला, तू नाही."

७

बेडकाच्या घराचा जिना चार मजल्यांचा. दोघी एकमेकींकडे न बघता चढल्या. बेल ताईने दाबली.

त्याने दार अर्धंच उघडलं. ताईला बघून त्याचा चेहरा दगड झाला.

"मी चुकले," ताई म्हणाली. "तू काही केलं नव्हतंस. सगळ्यांसमोर म्हणाले, सगळ्यांसमोर माफी मागेन."

"आणि हिला काय झालंय?"

मग टाचणीने सांगितलं. तार, बटण, खोटं 'हो हो', मामा, सगळं एका दमात, मध्ये श्वास न घेता. शेवटी ती म्हणाली, "तुझे भाग आहेत ना तुझ्या कॅसेटमध्ये? ठेका आणि खर्ज? त्यावरून ताई सूर परत बसवेल. निम्मं तरी..."

"तुला कधी कळलं हे?" बेडकाने विचारलं.

"काल."

"काल किती वाजता?"

"सहाच्या सुमाराला."

तो दाराच्या कडेवर नख ओढत राहिला. "काल साडेसातला मी माझी कॅसेट पुसली," तो म्हणाला. "म्हटलं, चोरच आहे ना मी, मग त्या गाण्यांतलं माझ्याकडे कशाला काही राहायला हवं? एकेक करून पुसली. बोटांनी."

जिन्यात कोणाच्या तरी घरातला कुकर वाजला.

"कालच सांगितलं असतंस," बेडूक म्हणाला, "तर निम्मं वाचलं असतं."

दिव्याने मारली ती गाणी चुकून गेली होती. ही मात्र तिने, सगळं माहीत असताना, दीड तास वाट बघून मारली होती.

"हो," ती म्हणाली. "वाचलं असतं."

बेडूक दार तसंच सोडून आत गेला. आतून एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी. "तिसऱ्या गाण्याची सुरुवात तुला आठवते का?" त्याने कोरड्या आवाजात विचारलं. टाचणीला नाही, ताईला.

"थोडी," ताई म्हणाली आणि आत गेली.

टाचणी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत यायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपणहून आत जायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटत नव्हतं. आतून 'टीं' ऐकू आलं. मग चुकलं. मग परत 'टीं'.

"ए," बेडूक आतून ओरडला. "दारात उभी राहू नकोस. मांजर बाहेर पळेल."

ती आत गेली आणि मागे वळून दार लावून घेतलं. मग तिने ते लागलं आहे का, हे ओढून बघितलं.